भरलेली इमारत

"अगं, माणसं नाहीशी झालीयेत!"

मावशीचा फोन सकाळीच आला. भाची भौतिकशास्त्र शिकलेली. त्यामुळे मिक्सर बिघडो की माणसं, बोलावणं तिलाच.

मावशीने जुनं घर विकून सगळी पुंजी या नव्या फ्लॅटमध्ये घातली होती.

"घेताना काय बघितलंस?" भाचीने आल्या आल्या विचारलं.

"वर्दळ. गॅलऱ्यांत टॉवेल वाळत होते, दारोदार चपला. म्हटलं, वस्ती भरलीये, पाच वर्षांत भाव दुप्पट."

"एखादा माणूस दिसला?"

"दुपारची वेळ गं. कामावर असतील म्हटलं."

"आणि राहायला आल्यावर?"

"फक्त सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचाच तर हा दुसरा फ्लॅट होता."

भाचीने गॅलरीतून वाकून शेजारचा टॉवेल उलटा केला. बाहेरून पार विटलेला, आतून गडद निळा. मग ती खाली गेली. एवढ्या मीटरांपैकी दोनच लुकलुकत होते: मावशीचा आणि सेक्रेटरींचा.

वर येताना तिने दारांसमोरच्या चपला उचलून पाहिल्या. आत धूळ. सगळ्या पुरुषी, एकाच मापाच्या. प्रत्येक जोडात उजवी टाच बाहेरून झिजलेली.

"काय हो डिटेक्टिव्ह, काही हरवलं?"

सेक्रेटरी उजवा पाय ओढत जिना चढत होते.

"बाकीचे लोक कुठे असतात, काका?"

"गावाला गेलेत."

"सगळेच?"

"सुट्या आहेत ना."

"आणि लहान मुलं? एकही छोटी चप्पल नाही."

"मुलं नेली बरोबर. एवढी चौकशी कशाला?"

मावशी दारात येऊन उभी राहिली होती.

"मावशी, कोणी नाहीसं झालेलं नाही," भाची म्हणाली. "इथे कधी कोणी नव्हतंच. धुऊन वाळत घातलेला टॉवेल एकाच बाजूने विटत नाही. हे टॉवेल कित्येक महिने तसेच लटकतायत. माणूस राहिला तर वीज जळते. इथे दोनच घरांत जळते. आणि या चपला एकाच माणसाच्या आहेत. त्याचा उजवा पाय ओढतो. बंद घरांच्या किल्ल्या कोणाकडे असतात, काका?"

सेक्रेटरी पायरीवरच बसले.

"बिल्डर पळाला. फ्लॅट घेणारे कोणी राहायला आलेच नाहीत," ते म्हणाले. "मी दोन घेऊन बसलो होतो. रिकाम्या इमारतीत फ्लॅट कोण घेतो? किंमत सांगायचो तेव्हा कोणी ऐकायचं नाही. टॉवेल लावले, तशी लोकं थांबायला लागली."

"मी तुम्हाला भाऊ म्हणत होते हो!" मावशी म्हणाली.

"आम्ही तक्रार करणार," भाची म्हणाली.

"कर की. मीही हो म्हणेन." त्यांचा आवाज चढला नाही. "पेपरात येईल, रिकामी इमारत म्हणून. माझं जायचं ते जाईल. पण त्यानंतर तुझ्या मावशीचा फ्लॅट कोण घेईल?"

भाचीने हातातली चप्पल खाली ठेवली.

तेवढ्यात खालून हाका आल्या. एक जोडपं जिना चढून आलं, तरुण, घामाघूम. सेक्रेटरींचा राहता फ्लॅट बघायला आलं होतं. मुलगी पोटुशी होती. सेक्रेटरींकडे न बघता तिने सरळ मावशीलाच विचारलं,

"काकू, इथे फार शांत वाटतं हो. राहतात ना लोक?"

भाचीने तोंड उघडलं. मावशीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"राहतात की," मावशी म्हणाली. "आत्ता सगळे कामावर गेलेत."