हुसेनभाईंचं गोणपाट

साडेतीनला मांडवीच्या शाळेतल्या वर्गात आरडाओरड झाली. महोत्सवासाठी हा वर्ग नमन या कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळाला नटायला, रंगपट म्हणून दिला होता. मधोमध पितळी परात होती, आणि परातीतला गणपतीचा लाकडी मुखवटा नाहीसा झाला होता. त्याच्याशिवाय महिपतबाबांच्या मंडळाचा खेळ सुरूच होत नाही.

मनस्वीनं त्या लख्ख रिकाम्या परातीचाही फोटो काढला. महोत्सवाची फोटोग्राफर ती. तिचा हात आधी चालायचा, डोकं नंतर. याच सवयीनं तिनं दुपारी घोटाळा करून ठेवला होता. एक वाजता लाइटवाले हुसेनभाई पाठीवर गोणपाट टाकून त्याच वर्गातून बाहेर पडले. चेहऱ्यावर ऊन छान पडलं होतं म्हणून तिनं फोटो काढला आणि महोत्सवाच्या ग्रुपवर टाकला. आता तोच फोटो जो तो दुसऱ्याला दाखवत होता.

हुसेनभाईंनी वीस वर्षं या मंडळाच्या खेळाला दिवे लावले होते. गोणपाटात वायरी आहेत, असं सांगून त्यांनी सगळ्यांसमोर टेम्पो उघडून दाखवला. ट्रंका शोधून झाल्या, मृदंगाच्या खोळी झाल्या, मुखवटा कुठंच मिळाला नाही. पण संशय एकदा चिकटला की चिकटलाच. संयोजक गुरुप्रसादांनी बजावलं, पाचपर्यंत सापडला नाही तर पोलिसांना बोलावणार.

मनस्वीचा पाय एका जागी ठरेना. आपल्या एका फोटोनं एका भल्या माणसाला चोर केलं, हे तिला खाऊ लागलं.

"तुम्ही गेलात तेव्हा मुखवटा होता?" तिनं हुसेनभाईंना विचारलं.

"परातीतच होता."

"कुलूप?"

"देवाच्या खोलीला कुलूप कशाला, बाय? दरवाजा नुसता लोटलेला."

"नंतर कुणाला आत जाताना पाहिलंत?"

"नाय. आन पाहिलं असतं तरी आता माझं कोण ऐकंल?"

गुरुप्रसाद एकपासून मंचावर पाहुण्यांसोबत होते. शिवाय त्यांना चोरी करायची गरजच काय? खेळ संपल्यावर तो मुखवटा त्यांच्याच नव्या संग्रहालयाला समारंभानं मिळणारच होता. महिपतबाबांनीच तशी सही दिली होती. गावातली पोरं मुंबईला गेली, बाबांनंतर मुखवटा चढवणार कोण? मंडळाचे उरलेले नऊ गडी तर दुपारभर पटांगणात तालीम करत होते.

बाबा शाळेच्या ओसरीच्या कडेला, भर उन्हात, वेताच्या मोठ्या हाऱ्याजवळ बसले होते. हाऱ्यावर धोतरं रचलेली. अंगणातला जांभा दगड तव्यासारखा तापला होता, पण म्हाताऱ्याचे पाय उघडे, चपला चार हात लांब. मनस्वीला सकाळची पूजा आठवली. त्यांनी तिलाही चपला काढायला लावल्या होत्या. परातीत तांदूळ ओतून त्या राशीवर मुखवटा बसवला होता आणि समजावलं होतं, की तो उघड्या भुईवर टेकत नाही.

"बाबा, हुसेनभाईंनी नेला असेल?"

"मी तसं बोललो नाय."

"नाही नेला, असंही बोलला नाहीत."

बाबा धोतराची घडी सारखी करत राहिले. ती सावलीच्या पायरीवर बसली आणि सकाळपासूनचे फोटो एकेक करून पाहू लागली. दोन फोटोंवर ती पुन्हा पुन्हा थांबली.

पाचला दहा मिनिटं असताना तिनं हुसेनभाईंना आणि गुरुप्रसादांना ओसरीवर बोलावलं.

"हा पूजेचा फोटो. मुखवट्याखाली तांदूळ आहेत. हा साडेतीनचा. परातीत दाणाही नाही. मुखवटा गेला एवढंच आपण पाहिलं. तांदूळ कुणी नेले? बाहेरचा चोर मुखवटा उचलून पळेल, का मूठ मूठ तांदूळ भरत बसेल? ज्यानं नेला त्याला तो लपवतानाही नुसता ठेववेना. म्हणजे माणूस मंडळातला. नऊ जण तालमीच्या माझ्या फोटोंत आहेत." तिचा आवाज खाली आला. "दहावे तुम्ही, बाबा. त्या हाऱ्याजवळ भाजत्या जांभ्यावर अनवाणी बसलाय. आत कोण आहे म्हणून चपला काढल्यात?"

महिपतबाबांनी धोतरं बाजूला केली. खाली तांदूळ पसरले होते आणि त्यावर गणपती होता.

"सही केली आन झोप उडाली," ते म्हणाले. "काचेत बसवतील. आज हरवला म्हटलं तं कोण मागंल? मागनं माळ्यावर ठेवला असता."

गुरुप्रसाद सहीच्या कागदाचं काहीतरी बोलू लागले, तो रद्द करू म्हणाले. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"महिपत," हुसेनभाई म्हणाले, "माझा टेम्पो उघडला तवा तू दारात हुतास."

बाबांना मान वर करता आली नाही. हुसेनभाई दिव्यांकडे निघून गेले. मनस्वीला वाटलं होतं, चोर सापडला की जीव थाऱ्यावर येईल. तसं काही झालं नाही.

आठला पटांगण भरलं. बाबा मुखवटा हातात घेऊन एकटेच माइकसमोर आले.

"खेळाआधी सांगतो. देव मीच लपवला. आळ हुसेनवर आला आन मी गप ऱ्हायलो. चोर मी."

हुसेनभाईंनी मोठा दिवा थेट त्यांच्या चेहऱ्यावर टाकला. म्हाताऱ्याचे डोळे दिपले, गाल ओले झालेले सगळ्या गावाला दिसले, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. दिवाही हलला नाही.

"हुसेन," बाबांनी अखेर विचारलं, "करू का सुरू?"

अंधारात हुसेनभाईंनी दिवा जरा मंद केला.

"आधी तोंड पूस," हुसेनभाई म्हणाले. "मग देव चढव."