गाडी न्यूट्रलला होती

बसा असे जवळ. ही ऐकीव गोष्ट नाही. मिस्त्री माझा सख्खा शेजारी, आणि त्याने मला हे भर दुपारी, पूर्ण शुद्धीत सांगितलंय. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

जुन्या गाड्यांत मिस्त्रीचा हातखंडा. त्याच्याकडे एका कापड दुकानदाराची जुनी मोटार आली. इंजिन मिसिंग मारायचं, म्हणजे मधूनच ठोका चुकवायचं, आणि चालता चालता बंद पडायचं. मिस्त्रीची पद्धत ठरलेली: एकेक गोष्ट बाद करत जायचं. चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून बघायची. कुठला सिलिंडर झोपलाय ते आवाजावरून कळतं. इथे चारही जागे. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर खोलून धुतला. एकटा फिरवून आला तर गाडी एकदम गुळगुळीत. मालक शेजारी बसला की दोन मैलांत खोकायला लागे. मिस्त्री गमतीने म्हणाला, सगळं बाद झालं, आता तुम्हीच तेवढे उरलात. मालक हसला नाही.

बॉनेट उघडं होतं, तेव्हा मालकाने पंख्याचा पट्टा दाखवून सांगितलं, की यात त्याच्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं होतं. गाडी भावाचीच. भाऊ वारला, गाडी आणि दुकान याच्याकडे आलं. कसा वारला ते मिस्त्रीने विचारलं नाही.

पुढची चाचणी नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी. दुकान बंद करून मालक आला, साडेनऊला दोघे निघाले. मिस्त्री चालवत होता, मालक या वेळी मागे बसला होता. पावणेदहाला वळणावर गाडीने तीन आचके दिले आणि बंद पडली. मिस्त्री ती कडेला घेत होता, पण स्टिअरिंग जड झालं आणि गाडी दगडी भिंतीकडे तोंड करून थांबली. पुढे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा. मागे ढकलायला गेले, तर चाकं हलेनात.

सेल्फ स्टार्टर घेईना. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवणं, म्हणजे हँडल मारणं भाग होतं, आणि आत चोक सांभाळायला जाणता माणूस हवा. म्हणून मिस्त्रीने मालकाला पुढे जायला सांगितलं. मालक जागचा हलेना. मग बोलला. दादा असाच गेला. तो हँडल मारत होता, मी आत होतो, गिअर पडलेलाच राहून गेला. राहून गेला, असं दोनदा म्हणाला. मिस्त्रीला फार वाईट वाटलं. त्याने गिअरचा दांडा दोन्हीकडे हलवून दाखवला. मोकळा होता. हँडब्रेकही ओढला. मग मालक हँडल घेऊन पुढे, भिंत आणि गाडीच्या मध्ये उभा राहिला.

"न्यूट्रलला आहे ना?"

"आहे, मालक."

"हात ठेव त्याच्यावर. काढू नकोस."

मिस्त्रीने डावा हात दांड्यावर ठेवला. शेजारची सीट रिकामी होती.

पहिला झटका. काही नाही.

दुसरा. हँडल उलटं फिरलं. मनगट कडकन मोडलं. मालक वाकला...

आणि मिस्त्रीच्या हातावर हात आला. गार. रिकाम्या सीटवरून.

त्या गार हाताने दांडा ढकलला. क्लच न दाबता. गिअर पडला.

इंजिन पेटलं, गाडीने झेप घेतली. हाडं मोडल्याचा आवाज आत ऐकू आला. मिस्त्रीने ब्रेकवर उभं राहून चावी काढली. चावी हातात. इंजिन चालूच. चारही सिलिंडर, एका सुरात.

गाडी वीतभर मागे आली. पुन्हा पुढे. काचेवर रक्त उडालं.

मालक जिवंत होता. तो मिस्त्रीकडे बघत नव्हता. शेजारी बघत होता.

"दादा... बास. मीच टाकला होता गिअर..."

गाडी पुन्हा मागे आली.

"दादा..."

...

मग इंजिन आपोआप थांबलं.

पोलीस आले तेव्हा गिअर पहिल्यात होता, आणि दांड्यावर एकट्या मिस्त्रीचा हात. तो सोडवायला दोघे लागले. खुनाचा आळ आला. पुराव्याअभावी सुटला, पण त्याच्या गॅरेजात पुन्हा कुणी गाडी घातली नाही. माणूस त्यातच खचला. मला विचाराल तर त्याने मारलं नाही.

त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर ऑइलचा काळा डाग होता. साबण झाला, रॉकेल झालं, मरेपर्यंत गेला नाही. मी तो हात माझ्या हातात धरून पाहिलाय. डागात अंगठा उमटला होता, मग कोरी जागा, मग तीन बोटं.