मी न केलेली तपासणी

तुम्ही खुर्चीतून न उठता माणसं मारता.

हो, तुम्हालाच म्हणतोय. वीजजोडणी मंजूर करणाऱ्या ऑफिसला. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की छापणारा घाबरतो. मी घाबरत नाही. माझं लायसन्स मी स्वतःच परत केलंय. आता काय काढून घेणार?

पुढचं सगळं माझ्याबाबतीत घडलंय. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या.

बारा मे १९९९. बुधवार. दुपारचे दोन. गाव सायखेडा, गोदावरीच्या काठचं. अमावस्या नव्हती, काळोख नव्हता. डोक्यावर रखरखीत ऊन होतं.

तेव्हा नाशिकरोडला माझं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. नवीन कनेक्शन हवं असेल तर लायसन्सवाल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्या फॉर्मवर एक ओळ छापलेली असते... 'सदर काम मी स्वतः जागेवर जाऊन तपासले आहे.' खाली सही आणि शिक्का.

त्या ओळीखाली मी शेकडो सह्या केल्या. जागा पाहिल्या असतील मोजून वीस. वायरिंग एकाचं, सही दुसऱ्याची. सगळेच असं करायचे. 'स्वतः' हा शब्द कुणी वाचतच नव्हतं.

आदल्या दिवशी, मंगळवारी, सहादू आला. आम्ही दोघं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकलो. मी परीक्षा दिली, त्याने दिली नाही. एवढाच फरक.

"समाधान्या, सही दे पटकन. सायखेड्याला कुसाबाईची पिठाची गिरणी हाय. मोटर बसली, वायरिंग झालं."

"अर्थिंग?"

"खड्डा राहिलाय. खणायला माणूस मिळंना. घेतो ना दोन दिवसांत."

"मग दोन दिवसांनी ये."

"सहीला मुहूर्त काढतो का आता? लायसन्स मिळालं आन् लय मोठा साहेब झाला तू! अरे, कनेक्शन यायला आठवडा जातो. तवर दहा खड्डे खणीन."

मी हसलो. आणि सही केली.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली तार. मोटरच्या लोखंडात करंट उतरला तर तो तिच्यातून जमिनीत जातो. ती नसेल तर माणसातून जातो. हे मला झोपेतही माहीत होतं. तरी मी लिहिलं, 'अर्थिंग : दोन. योग्य.'

माझ्या पॅडवरचा तो बासष्ट नंबरचा फॉर्म. सहादूने तो बुधवारी सकाळी तुमच्या ऑफिसात दिला.

बुधवारी मी ओझरला होतो. एका शेडच्या पत्र्याखाली उंच फळीवर वायरिंग करत, सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत. तीन माणसं सोबत होती. जेवायलासुद्धा आम्ही खाली उतरलो नाही.

पुढचा आठवडा गेला. सहादू फिरकला नाही. मला मात्र खुपायला लागलं... खड्डा घेतला असेल ना?

गुरुवारी, वीस तारखेला, लुना काढली आणि सायखेड्याला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात कुणाच्या घरी चाललो होतो. वेशीजवळ पत्ता विचारला. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हंजे? मागल्या बुधवारी तर नीट गेलता तुमी."

मला वाटलं, ऊन लागलंय त्याला.

गिरणीचं दार बंद होतं. ओट्यावर एक बाई बसली होती. मला पाहून ती उठली नाही. 'कोण' म्हणून विचारलंही नाही.

"आले का समाधानभाऊ... आता काय तपासायचं राह्यलं?"

माझं नाव! मी या बाईला कधी पाहिलेलंही नव्हतं.

"कुसाबाई तुम्हीच का? मी पहिल्यांदाच येतोय इथं."

 ती बोलायला लागली, लहान पोराला समजवावं तसं.

"बुधवारी दोन वाजता आले तुमी. ह्याच शर्टात. त्या खाटंवर बसले. लय कुरकुरती ती खाट, मांजर बसलं तरी वाजती. तुमी बसले तर वाजली नाय... मी म्हनलं, माणूस हलका हाय."

मी खाटेकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली.

"मी पानी दिलं. तुमी तांब्याला हात लावला नाय. दांडी फिरवायचं ते यंत्र काढलं आन् मोटरीला लावलं. घर्रर... घर्रर... लय येळ फिरवलं."

ते मेगर. तारेतून करंट बाहेर गळतो का, ते त्यावर कळतं. माझं मेगर दुकानाच्या कपाटात होतं. त्याची दांडी महिनाभर आधीच तुटली होती.

"मग तुमी म्हनले, मोटरीची तार आतून लोखंडाला टेकलीय. अर्थिंग नाय. बाई, हिला हात लावू नका. तीनदा म्हनले. कागद लिहिला. म्हनले, हा ऑफिसात देतो, आता लाईन येणार नाय."

मी दिलेला कागद याच्या अगदी उलटा होता.

"पन सोमवारी लाईन आली. मी लाईनमनला आडवलं. म्हनलं, समाधानभाऊ नाय म्हनले हायेत. त्यानं कागद दाखवला. सारं बरोबर, खाली सही तुमची. माझ्या पोरीनं वाचला. म्हनली, आये, त्याच भाऊंनी लिव्हलंय, खड्डा झाला आसंल."

"कुठंय मुलगी?"

कुसाबाईने गिरणीच्या दाराकडे पाहिलं.

बंद दाराच्या आत काहीच वाजत नव्हतं. पिठाचा वास नव्हता. दळण घेऊन कुणी उभं नव्हतं.

"मंगळवारी," ती म्हणाली. "छायानं बटन दाबलं, आन् धान्य टाकाया हात पुढं केला."

मी दाराच्या कडीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"भाऊ, एकच सांगा. तुमाला सारं ठावं होतं. तोंडानं नाय म्हनले, मग सही का केली?"

काय सांगणार होतो? मी आलोच नव्हतो, हे सांगू? तोच तर माझा गुन्हा. पण ती म्हणत होती त्यापेक्षा तो गुन्हा लहान होता. तिच्या हिशोबी मी येऊन, बघून, तिला सावध करून, मग तिच्या पोरीच्या मरणावर सही केली होती.

पोलिसांसमोरही तिने तेच सांगितलं. गावातल्या चौघांनी मला ओळखलं. ओझरच्या तिघांनी शपथेवर सांगितलं, हा आमच्यासोबत पत्र्याखाली होता. दोन्ही जबाब एकाच फाईलला लागले.

त्याच गुरुवारी संध्याकाळी मी तुमच्या ऑफिसात आलो होतो. आठवतं? खिडकीतल्या साहेबांनी फाईल काढली.

आत दोन रिपोर्ट होते.

एक बासष्ट नंबरचा. दुसरा त्रेसष्ट.

दुसऱ्यावर अक्षर माझं होतं. 'अर्थिंग नाही. मोटरची तार बॉडीला टेकते. वीज जोडू नये.' खाली माझी सही. तुमचा आवक शिक्का, बारा मे, दुपारी चार.

"दोन दिले तुम्हीच," साहेब म्हणाले. "चांगला होता तो लावला. आम्ही काय ज्योतिषी आहोत?"

घरी येऊन मी पॅड उघडलं. बासष्टचं अर्धुक, फॉर्म फाडल्यावर पॅडला राहतो तो तुकडा, होतं. त्याखाली त्रेसष्ट नंबरचा फॉर्म... कोरा. पॅडला चिकटलेला.

दुसऱ्या दिवशी परत आलो, तर तुमच्या फाईलमध्ये एकच कागद होता, बासष्टचा. साहेब म्हणाले, दुसरा कधी नव्हताच.

मी लायसन्स परत केलं. दुकान विकलं. टेस्टरसुद्धा हातात धरत नाही. सहादूला त्यानंतर एकदाच भेटलो. त्याने मान वर केली नाही आणि मीही त्याला काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

आणि २००४ साली, नाशिकरोडच्या बिटको चौकात, एका अनोळखी बाईने मला थांबवलं. मेहरुन्निसा नाव सांगितलं तिने. म्हणाली, "भाई, परवा तुम्ही आमच्या घरचं मीटर तपासून गेलात. बरं झालं सांगितलंत. भिंतीत करंट येत होता."

मी परवा कुठेच गेलो नव्हतो. पाच वर्षं कुणाच्या मीटरला हात लावला नव्हता.

तो अजून फिरतोय. जे मी केलं नाही, ते करतोय. रात्री मला झोप लागत नाही ती त्याच्या भीतीने नाही. तो माझ्यापेक्षा बरा माणूस आहे, म्हणून.

माझ्या सहीचा जाब मी दिला. अजून देईन. आता तुम्ही द्या.

बारा मेला दुपारी चार वाजता तुमच्या खिडकीशी कोण उभा होता? त्याच्या हातून कागद कुणी घेतला? त्याने तुम्हालाही तीनदा सांगितलं असणार, वीज जोडू नका म्हणून. तेव्हा तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत?