लागला म्हटलं की निघायचं

ती पडली, पण सावकाश पडली. इतकी सावकाश, की पडता पडता शेजारच्या माणसाशी चार शब्द बोलून झाले.

त्याचं असं झालं, की तिने सायकलसाठी नवे बूट घेतले होते. हे बूट पेडलमध्ये खटकन अडकतात आणि टाच बाहेर वळवली की सुटतात. त्यातलं अडकणं तिला जमलं होतं. सिग्नल लाल झाला, सगळे थांबले, तीही थांबली… आणि मग एका अंगाला कलायला लागली.

“पडताय का?” शेजारच्या स्कूटरवरच्या तरुणाने चौकशी केली.

“हो. वाटतंय तसं.”

“मदत करू?”

“लवकर ठरवा.”

त्याने झेप घेऊन पकडली. सायकल. ती सायकलला अडकलेलीच असल्यामुळे ओघाने तीही वाचली. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि हे दोघं भर चौकात तिरके. त्याच्या केसांतून एक थेंब तिच्या मनगटावर पडला. आभाळ तर कोरडं होतं.

“तुमचे केस ओले आहेत,” ती म्हणाली. तिरक्या अवस्थेत तिला तेवढंच सुचलं.

“पोहायला शिकवतो मी. वाळायला सवडच मिळत नाही.”

हे ऐकून तिचे डोळे चमकले. याला प्रेम म्हणायची घाई नको. तिला पोहणारा हवा होता.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची आणि उरलेल्या वेळात एका लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करायची. शर्यत तिघांच्या संघाची. एकाने पोहायचं, दुसऱ्याने एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची, तिसऱ्याने धावायचं. धावणारा तिचा आतेभाऊ होता. त्याला घरात तुफान म्हणत. आत्याने ते नाव मोठ्या आशेने ठेवलं होतं. पोहणाराही होता, पण आपल्याला पाण्याची भीती वाटते हे त्याने नाव नोंदवून झाल्यावर सांगितलं.

असा तो संघात आला. तुफानने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं – बदक. बदकाने ते मुकाट्याने स्वीकारलं.

पावसाची झड लागली की ती सायकल घरातच चालवायची. दिवाणखान्यात एक स्टँड होता, त्यावर मागचं चाक चढवायचं आणि तासन्‌तास पेडल मारायचं. घाम निथळायचा, सायकल सोफ्याच्या पुढे जायची नाही. आई हँडलवर टॉवेल वाळत घालायची. काका पेपरातून डोकं वर काढून विचारायचे, “कुठवर पोचलीस?”

“घाट लागलाय, काका.”

“बरं. येताना माझी औषधं आण.”

बदक यायचा आणि सोफ्यावर, अगदी तिच्या शेजारी बसायचा. आई चहा द्यायची. खिडकीवर पाऊस टपटपायचा.

“छान वाटतंय,” तो एकदा म्हणाला. “दोघं पहिल्यांदाच इतक्या लांब फिरायला आलोय.”

“तू बसून आलायस.”

“मग सोबत कुणी करायची?” त्याने पाण्याची बाटली पुढे केली. ती देताना बोटांना बोटं लागली आणि दोघांनीही ते बाटलीच्या आकारावर ढकललं. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, “समुद्रापलीकडच्या एका शाळेत नोकरी मिळतेय. पोहायला शिकवायची. दोन वर्षं तरी परत येता यायचं नाही. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.”

तिचे पाय एकदम जोरात फिरायला लागले. “मग? जाणार?”

“कुणी थांब म्हटलं… तर नाही.”

तिला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण तिची एक खोड होती – काळजाशी काही आलं, की तिच्या तोंडून विनोद निघायचा.

“आई म्हणेल ना थांब. जेवायला.”

तो हसला. जेवायला थांबलाही. पण त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, आणि आई रात्री म्हणाली, “पोराचं काहीतरी बिनसलंय.”

शर्यतीत एक पट्टा असतो. घोट्याला बांधायचा, वेळ मोजायचं यंत्र त्याच्यातच. पोहणाऱ्याने पाण्यातून बाहेर यायचं, आपल्या पायाचा पट्टा काढायचा, सायकलवाल्याच्या पायाला बांधायचा, की सायकल सुटली. याचा ते पोहण्याच्या तलावाच्या आवारात सराव करत. बदक निथळत धावत यायचा, तिच्या पायाशी बसायचा आणि सुरू व्हायचा – टोचतोय का? घट्ट झाला का? काल झोप लागली का?

“इथे शर्यत चाललीय की पाहुणचार?” तुफान ओरडायचा.

शेवटी तिनेच नियम केला. “पट्टा लावला की फक्त ‘लागला’ म्हणायचं. ‘लागला’ ऐकलं की मी निघणार. मागे वळून बघणार नाही.”

“आणि मला दुसरं काही सांगायचं असलं तर?”

“ते शर्यतीनंतर.”

शर्यतीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. बदक पाण्यातून असा बाहेर आला, की तुफानने टाळ्या वाजवल्या. धावत येऊन तो तिच्या पायाशी बसला. आज काही विचारलं नाही. घोटा ओल्या हातात धरला आणि वर पाहिलं. पापण्यांवर पाणी, छाती भात्यासारखी… आणि संध्याकाळ आता फार लांब नव्हती.

“मला,” तो धापा टाकत म्हणाला, “मला तुझा लळा लागला–”

आणि ती निघाली.

सरावाचा गुणच तो. कानावर ‘लागला’ पडलं आणि पाय आपोआप फिरले. मागे काहीतरी गलका झाला, कुणीतरी हाका मारल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बरंच अंतर कापून झाल्यावर, एका सपाट, वाऱ्याच्या रस्त्यावर तिच्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. ‘मला तुझा’ कशाला म्हणाला? पट्टा तर संघाचा. मग हळूहळू मधला शब्द धुक्यातून वर आला. लळा. बाई गं. लळा कुत्र्या-मांजरांचा लागतो. शेजारच्यांच्या बाळाचा लागतो. एवढ्या मोठ्या चष्मेवालीचा लळा लागलेला माणूस जगात एकटाच असणार, आणि तो तिने मागे सोडला होता.

उरलेला रस्ता तिने उत्तराची तयारी केली. ‘मलाही.’ मोठ्याने म्हणून पाहिलं, हळू म्हणून पाहिलं, लाजून म्हणून पाहिलं. वाटेत एका गाईलाही म्हटलं. गाय विचारात पडली. एकही विनोद करायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

ती परतली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तुफान पट्टा काढायला तिच्या पायाशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“पट्टा कुठाय?”

तिने खाली पाहिलं. घोटा मोकळा.

पट्टा बदकाच्या मुठीत होता. तिच्यामागे अनवाणी धावून त्याचे तळवे सोलवटले होते. पंच मवाळ आवाजात म्हणाले, “नियमाप्रमाणे तुमच्या संघाची सायकल अजून निघालेलीच नाही.” संघ बाद झाला होता.

तुफान मटकन खाली बसला. ‘मलाही’ तिच्या जिभेवर होतं. पण एकशे ऐंशी किलोमीटर मातीत गेले होते, आणि तोंडून निघालं ते भलतंच. यावेळी तर तो विनोदही नव्हता.

“लावायच्या आधी ‘लागला’ म्हणालासच कशाला? तुला तेव्हाच सुचायचं होतं?”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. पट्टा तिच्या हातात ठेवला आणि लंगडत गेला. तिला वाटलं, पाणी आणायला गेला.

संध्याकाळी त्याने नोकरीला हो कळवलं.

आधी तिला राग होता, मग लाज वाटली, मग फोन उचलायची हिंमत होईना. त्याचं जाणं तुफानने सांगितलं, तेही जायच्या दिवशी सकाळी. “विमानतळाची बस निघाली असेल आता.”

बस डोंगर ओलांडून जायची. चढावर ती भरल्या पोटाच्या म्हशीसारखी चाले. तिने सायकल काढली, अर्ध्या चढावर बस गाठली आणि खिडकीच्या बरोबरीने चालवायला लागली. खिडकीत एक आजोबा होते. बदक त्यांच्या पलीकडे.

“मलाही लागला!” ती ओरडली.

“काय?” इंजिनाच्या घरघरीत त्याला ऐकू येईना.

“बाई म्हणतायत, त्यांनाही लागला,” आजोबांनी सांगितलं. “काय लागला, ते बोलल्या नाहीत.”

“लळा!”

“लळा म्हणतायत.” आजोबा जरा सरसावून बसले.

बदकाने डोळे मिटले. मग तो आजोबांच्या कानाशी काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. आजोबांनी खिडकीबाहेर डोकं काढलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

“पोरी, ते म्हणतायत, शर्यतीहून परत आलीस तेव्हा एवढंच ऐकायला उभा होतो. मग मोठ्या कष्टाने मन वळवलं. आता परत वळवायला अंगात जोर नाही.” जरा थांबून म्हणाले, “मी म्हटलं उतरा. पण माझं कोण ऐकतं?”

ती पेडल मारत राहिली. आजोबांच्या खांद्यावरून त्याने हात बाहेर काढला. तिने हँडलवरचा एक हात सोडला. बोटं जेमतेम भिडली… आणि चढ संपला. बसने गिअर बदलला.

माथ्यावर ती थांबली. बस दोन वळणं दिसली, मग नुसता तिचा आवाज येत राहिला, मग तोही गेला. तिने सायकल फिरवली. घरापर्यंतचा रस्ता सगळा उताराचा होता. पेडल एकदाही मारावं लागलं नाही.