तुळईतला भुसा

त्या दिवशी माझ्याकडे दोनच कामं होती. एका बेकरीतली झुरळं आणि एका घरातले मुंगळे. बेकरीचं काम दहालाच उरकलं. म्हटलं, चला, मुंगळेही जेवायच्या आत आटपून टाकू.

बावीस वर्षं झाली मला या धंद्यात. ढेकूण, झुरळं, वाळवी, उंदीर. लोक माझ्याशी हात मिळवताना जरा बिचकतात, पण झोपतात माझ्याच भरवशावर. त्यातल्या त्यात मुंगळ्यांचं काम मला आवडतं. झुरळ लपतं, वाळवी चोरून खाते. मुंगळा तसा नाही. रस्ता आखून, रांगेनं, मान खाली घालून कामाला जातो आणि येतो. आपण फक्त धीर धरून त्याच्या मागे चालायचं.

घर गल्लीच्या टोकाला होतं. खालचा मजला विटांचा, वरचा सगळा लाकडाचा. फोन केला होता तिथल्या वहिनींनी. त्यांनी दार उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आठवा महिना लागला असावा. नवरा जहाजावर नोकरीला, चार-चार महिने बाहेर. घरात या वहिनी आणि त्यांची थोरली नणंद, दोघीच. नणंदेला सगळी गल्ली आक्का म्हणायची. साठी उलटलेली बाई, खणखणीत आवाज, आणि जिभेला हाड नाही.

"आलात का मुंगळेवाले," आक्का ओट्याशी भाजी चिरत म्हणाल्या. "सहा पायांचे काढा आधी. दोन पायांचे काढायचं औषध निघालं की तेही घेऊन या."

वहिनींच्या हातातली वाटी ओट्यावर जरा जोरात टेकली.

स्वयंपाकघरातलं प्रकरण सोपं होतं. मोरीवरच्या खिडकीची चौकट नळाच्या गळतीनं भिजून मऊ पडलेली, आणि खाली भुशाचा लहानसा ढीग. मी चिमूटभर भुसा कागदावर घेतला, भिंग धरलं आणि वहिनींना दाखवलं.

"हे बघा. वाळवी लाकूड खाते. मुंगळा खात नाही, तो आत राहायला जागा करतो. पोखरतो आणि नको तेवढं बाहेर टाकतो. त्याच्या भुशात हे असं सगळं सापडतं. तुटके पाय, पंख, मेलेल्या किड्यांची टरफलं. घर झाडल्यावर केर निघतो ना, तसंच."

त्या बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग आक्कांकडे एक नजर टाकून अगदी हळू म्हणाल्या, "दादा... वर चला जरा. वरचाही भुसा बघा."

वरती त्यांची झोपायची खोली. पलंगाच्या उशाशी, बरोब्बर वर, एक जाड तुळई भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली. दीड वीत रुंद, जुनं काळं लाकूड. आणि उशीवर भुसा पडलेला.

"रोज पडतो," वहिनी म्हणाल्या. "झाडते, पुन्हा पडतो. दुपारी जरा आडवी झाले की वरून किर्र किर्र येतं. आधी वाटलं, भास असेल. पण भुसा खोटा कसा असेल?"

मी भिंग लावलं. भुशात एक पाय नाही, पंख नाही, काही नाही. नुसत्या गोल वळलेल्या पातळ साली. मुंगळा कुरतडतो, त्याचा भुसा चुऱ्यासारखा असतो. हा पटाशीनं काढलेला होता. सुताराच्या हातचा. आणि तुळई साठ-सत्तर वर्षांची तरी असेल, पण भुशाला वास येत होता तो कालच कापलेल्या लाकडाचा.

मी स्टुलावर चढून तुळई सगळीकडून पाहिली. भोक नाही, भेग नाही, ओल नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं तर आवाज भरीव. मग हा भुसा आला कुठून?

खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात भुताखेताचा विचारही आला नाही. मला वाटलं, कुणीतरी आणून टाकतंय.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

त्या दाराकडे बघून कुजबुजल्या, "आक्का. मी माहेरी निघून जावं असं त्यांना वाटतं. या घरात मी आले तेव्हापासून त्यांना खुपते."

मी खाली आलो. हात धुवायच्या निमित्तानं ओट्याशी गेलो, तर मी काही विचारायच्या आधीच आक्का सुरू झाल्या.

"वरचं दाखवलं ना तिनं? अहो, मला हे गुडघे घेऊन तो जिना चढता येतो का, विचारा तिला. दिवाळं निघालंय गुडघ्यांचं. तीच करते हे सगळं. घाबरले, घाबरले म्हणून रोज जहाजावर फोन. नवऱ्यानं नोकरी सोडून घरी बसावं, एवढंच आहे त्यात. माझा भाऊ भोळा."

दोघींचंही बोलणं मला पटलं, आणि दोघींचाही संशय आला. वहिनींच्या पलंगाखाली हत्यारांची पेटी दिसली होती, नवऱ्याची. आणि आक्का गुडघे गुडघे म्हणत होत्या, पण फळीवरचा डबा काढायला मघाशी टाचा उचलून चांगल्या उंच झाल्या होत्या. म्हातारी माणसं दिसतात तेवढी थकलेली नसतात, आणि तरुण दिसतात तेवढी साधी नसतात. धंद्यात एवढं शिकलो होतो.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. चौकटीपासून निघालेली मुंगळ्यांची एक रांग जिन्याच्या भिंतीनं वर जात होती. मी तिच्या मागे गेलो. रांग वहिनींच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली, आणि तिथून सरळ मागे वळली. एकही मुंगळा आत नाही. मी उंबऱ्याच्या आत साखरेच्या पाकाचा थेंब टाकला. पहिला मुंगळा आला, मिशा हलवल्या, आणि पाक तसाच सोडून परतला. बावीस वर्षांत मी मुंगळ्याला साखर नाकारताना पाहिलं नव्हतं.

मी ठरवलं, ही चोरी पकडायचीच. स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणि चाळणी मागून घेतली.

"आता पोळ्या लाटणार की काय?" आक्का म्हणाल्या.

"लाटतो थोड्या," मी म्हटलं.

वहिनींची उशी झाडून स्वच्छ केली. मग पलंगापासून दारापर्यंत, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर, पिठाचा पातळ थर चाळत मी उलटा खाली उतरलो. खोलीच्या खिडक्या आतून लावलेल्या. दोघींना म्हटलं, मुंगळ्यांचं मूळ घर परसात आहे, पण आधी घरात औषध मारलंय, तुम्ही दोघी बाहेर येऊन बसा. पुढच्या दाराला कुलूप घातलं, मागच्या दाराला कडी, आणि किल्ली माझ्या खिशात.

परसात एका तोडलेल्या झाडाचं खोड होतं. मूळ वस्ती तिथेच असणार, हे मी आल्या आल्याच ओळखलं होतं. चौकटीतले मुंगळे म्हणजे नुसती शाखा. आक्का पायरीवर बसल्या, वहिनी खुर्चीत. दोघींमध्ये चार हात अंतर आणि तोंडं दोन दिशांना. सहा महिने कामापुरतंही बोलणं नव्हतं म्हणे. ऊन चांगलं तापलेलं. मी पहार घालून खोड फोडलं, आतून काळे मुंगळे उसळून बाहेर आले, पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा. मी पावडरचा पंप हातात घेतला...

आणि वरून आवाज आला.

किर्र... किर्र... किर्र.

मध्ये थांबला. मग ठक, ठक. हलके, मोजून घातलेले घाव. पुन्हा किर्र.

मी आक्कांकडे पाहिलं. आक्का वहिनींकडे पाहत होत्या. वहिनी आक्कांकडे. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं असेल. पाहताना दोघींचे चेहरे एकदमच उतरले. कारण मनात जिला धरून ठेवलं होतं, ती तर समोर बसली होती.

"मग वर कोण आहे गं?" आक्का म्हणाल्या. आवाजातला खणखणीतपणा कुठल्या कुठे गेला होता.

मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि आत गेलो. पायऱ्यांवरचं पीठ जसंच्या तसं. बोटाचीही खूण नाही. खोलीतलंही तसंच. खिडक्या बंद. आवाज मी दारात येताच थांबला.

आणि स्वच्छ केलेल्या उशीवर भुसा होता. आधीपेक्षा जास्त, मूठभर. मी हातात घेतला. तो कोमट होता. हत्यार लाकडावर जोरानं चाललं की साल तापते ना, तसा.

माझ्या पिशवीत एक नळी असते, डॉक्टर लावतात तशी. भिंतीतल्या मुंगळ्यांची सळसळ ऐकायला वापरतो आम्ही, कोरडा कागद चुरगळल्यासारखी येते. मी स्टुलावर चढलो आणि ती तुळईला लावली.

काहीच नाही. अगदी शांत. मी श्वास रोखून उभा राहिलो. आणि मग मला कळलं, की ही शांतता रिकाम्या लाकडाची नाही. कुणीतरी काम थांबवून गप्प राहिलंय. मी नळी वीतभर पुढे सरकवली. लाकडाच्या आत काहीतरी घासत वीतभर पुढे सरकलं. मी थांबलो. तेही थांबलं.

मग अगदी कानाशी, हलकीशी... फुंकर. सुतार पटाशीवरचा भुसा उडवतो तशी.

स्टुलावरून मी उतरलो कसा ते मला आठवत नाही. पिठात माझीच पावलं उमटवत खाली आलो. परसात पोहोचलो तेव्हा त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"काय आहे दादा?" वहिनींनी विचारलं.

एखाद्या गर्भार बाईला काय सांगणार? म्हटलं, "तुळई आतून पोकळ झालीय. कधीही खाली येईल. आजच्या आज निघा."

"पोकळ आहे म्हणजे मुंगळेच ना?" आक्का माझ्या तोंडाकडे रोखून बघत म्हणाल्या. मी पंप उचलायला वाकलो. त्या काय ते समजल्या आणि त्यांनी वहिनींचा दंड धरला. "चल, आपलं पटत असो की नसो, तू आधी चल. तुझे कपडे राहू देत वर. माझी साडी नेस, उसवून सैल करून देते. आणि तुझ्या आईला विचार, मला एखादा कोपरा मिळेल का."

वहिनी रडायला लागल्या. आक्काही रडल्या, पण रागावून रडल्या. वर पाऊल न ठेवता तासाभरात दोघी रिक्षात बसल्या. मी मागच्या दाराला कडी घातली, पुढच्याला कुलूप, आणि किल्ली आक्कांच्या हातात दिली. खोडातली वस्ती त्याआधीच संपवली होती. चौकटीत आमिषही ठेवलं होतं. माझं काम म्हणावं तर झालं होतं.

तीन आठवड्यांनी वहिनींच्या नवऱ्याचा फोन आला. जहाजावरून परतला होता. मुलगी झाली होती, थोडी लवकरच, पण दोघी ठणठणीत. आक्का बाळाला खाली ठेवत नव्हत्या. त्यानं माझे आभार मानले आणि म्हणाला, उद्या मिस्त्री बोलावलाय, तुळई बदलून घेतो, तुम्ही येऊन एकदा बघाल का, मुंगळे उरलेत का ते.

जायचं मनात नव्हतं. पण गेलो.

घर तोपर्यंत कुणीच उघडलं नव्हतं. जिन्यावरच्या पिठावर फक्त माझीच पावलं, चढतानाची आणि घाईत उतरतानाची. मिस्त्री वयस्कर, अनुभवी माणूस. त्यानं तुळईला दोर बांधले, टेकू लावले आणि एका बाजूचं टोक भिंतीतून सोडवलं. दोर ताणला तसा तुळईनं एकदाच करकर आवाज केला आणि ती मधोमध मोडली. मधला तुकडा थेट उशीवर आला. पलंगाचं उशाकडचं लाकूड फाटून दोन झालं. नवरा तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. त्याला काय दिसत होतं, ते मला विचारायची गरज नव्हती.

तुकडा आम्ही उचलून खिडकीशी नेला. आत सबंध पोकळ. वीतभर रुंदीची, लांबच लांब, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत पोकळी. मुंगळा एकही नाही, मेलेलासुद्धा नाही. मिस्त्री त्यावरून हात फिरवून म्हणाला, "काय हात आहे हो याचा. असं काम मला जमायचं नाही. पण हत्यार घातलं कुठून?"

मग त्यानं तो तुकडा उजेडाकडे धरला. उशीच्या बरोब्बर वर जी बाजू होती, तिथं लाकूड आतून तासून तासून नखाइतकं पातळ केलेलं होतं. त्यातून ऊन झिरपत होतं. आणि त्या पातळ जागेवर, आतल्या बाजूनं, तळहाताएवढा गोल काळपट डाग होता. रोज एकाच खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं डोकं मागच्या भिंतीला टेकून टेकून पडतो ना, तसला.

मिस्त्री हसला. "इथं कोण डोकं टेकून ऐकत बसायचं?" तो म्हणाला आणि बोलता बोलता त्यानं डागाला बोट लावलं.

मग त्याचं हसू गेलं. त्यानं बोट नाकाशी नेलं, आणि मग माझ्यापुढे धरलं.

डोक्याला लावायच्या तेलाचा वास होता. आणि ते अजून ओलं होतं.