मंजूर झालेला आवाज

"ताई, आमच्या मालकांनी न्हाई मारलं!" आशालता दारातूनच म्हणाली. "दहापर्यंत आमी दोघं पोरीच्या शाळेत हुतो, सभेला. सव्वादहाला हे कामावर पोचले, तर मैमुनाबी मरून पडलेल्या. पोलिस म्हणत्यात, दहाला तर त्या रेडिओवर बोलत हुत्या, मग तूच. धरून नेलंय त्यांना."

तिचा नवरा विश्राम भरे गावच्या रेडिओ केंद्रावर तंत्रज्ञ होता. मैमुना तिथली निवेदिका. हेडफोनच्या वायरनं तिचा गळा आवळला होता.

भूगावात खासगी तपास करणारी सुलक्षणा उठली. तिची रिक्षा हाफीज चालवायचा. चुकीचे तर्कही तोच चालवायचा.

पौडच्या चौकीत फौजदारांनी मैमुनाच्या मुठीतली चिठ्ठी दाखवली. 'टँकर रद्द', तिचंच अक्षर. गावात येणारा पाण्याचा टँकर रद्द झाल्याचं ग्रामसेवकानं सव्वानऊला फोन करून फक्त तिलाच कळवलं होतं. केंद्रासमोरची टपरी दहाला उघडते. टपरीवाल्याच्या सांगण्यानुसार त्यानंतर विश्रामशिवाय कुणी आत गेलं नव्हतं.

"पण दहाला मीच ऐकलं, टँकर बाराला येणार," हाफीज म्हणाला. "बाया हंडे घेऊन ताटकळल्या की!"

केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष दयानंद हळहळले. "मी साडेआठलाच केंद्रातून निघालो. दहाला पौडात सभेत होतो, तिथंच तिला थेट ऐकलं. टँकर रद्द झाल्याचं सांगायची धडपड चालली होती बिचारीची."

केंद्राला पैसा पुरवणाऱ्या पिरंगुटच्या कंपनीचा मनीष आठपासून बैठकीत होता, पाच साक्षीदार. त्यानं संस्थेशी झालेला करार अभिमानानं पुढे केला. "आमच्या मंजुरीशिवाय काही वाजत नाही, मॅडम. सगळं आदल्या दिवशी रेकॉर्ड होऊन येतं."

संध्याकाळी फौजदारांसमोर सगळे बसले.

"दहाचा आवाज आदल्या दिवशीचा," सुलक्षणा म्हणाली. "संगणकानं लावला. मैमुना जिवंत असती, तर टँकरची चूक तिनं थांबवली असती. म्हणजे खून सव्वानऊनंतर, दहाच्या आत. तेव्हा मनीष बैठकीत, विश्राम शाळेत."

"मग दयानंदरावांनी थेट ऐकलं ते कसं काय?" हाफीज म्हणाला.

"करारावर सही दयानंदरावांची. थेट काही नसतं, हे त्यांना ठाऊक. तरी थेट म्हणाले, कारण दहाला ते पौडात होते. शिवाय तिची टँकरची धडपड रेडिओवर आलीच नाही, दयानंदराव. साडेआठला निघालेल्या माणसाला ती कुठं दिसली?"

दयानंदांची मान खाली गेली. "परवाना संस्थेचा, कार्यक्रम कंपनीच्या हाती देता येत नाहीत. ती करार परवान्याच्या तपासणीवाल्यांना दाखवणार होती. केंद्रच गेलं असतं."

आशालता बाहेर थांबली होती.

"ह्यांना ठाऊक हुतं ना, आवाज आदल्या दिवशीचा? मग गप का बसले?"

"बोललो तर परवाना जाईल, नोकरी जाईल, म्हणून."

"आता जाईल?"

"जाईल."

आशालतानं डोळे पुसले. "आधी घरी तर येऊ द्या. मग भांडते त्यांच्याशी."