गोठ्यातली नावं

भरमू काकतीहून सकाळी साडेआठला स्कूटर काढायचा आणि सव्वानऊला उद्यमबागेतल्या ऑफिसात खुर्चीवर असायचा. खाली लोखंडी साच्यांचा कारखाना, वर सात जणांचं ऑफिस. काम एकच, फाउंड्रीच्या भट्ट्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम. प्रोग्राम एकोणीस वर्षांचा, आणि भरमू म्हणजे त्याचा बाप, असं नवी माणसं समजायची. भरमूही कधी कुणाचा गैरसमज दूर करायला गेला नाही.

सोमवारी मालक मारुतीरावांनी त्याला आणि तेजस्वीला समोर बसवलं.

"प्रोग्राम लई गुंतलाय, भरमू. काम तेच ऱ्हाऊ दे, पण आतलं सगळं झाडून-पुसून नीट लावायला पायजे. हातानं करत बसलो तर वर्ष जाईल. त्याला आता तयार टूल मिळतात. एक तू चालवून बघ, एक तेजस्वी बघंल. शुक्रवारी ठरवू. ज्याचं टूल घेऊ, त्याच्या हाताखाली फुडचं काम."

भरमूच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तेजस्वी निपाणीची पोरगी, सव्वीस वर्षांची, येऊन पाच महिने झालेले, आणि हिच्या हाताखाली त्यानं काम करायचं? तिचं टूल एआयवालं. ते कोड वाचून स्वतःच सोपी नावं सुचवायचं, नको ते वेगळं काढून दाखवायचं. भरमूचं टूल जुन्या वळणाचं. त्याला नियम लिहून द्यायचे, ते तेवढंच करणार.

"माझं सांगितलेलं ऐकतंय. सोताची अक्कल पाजळत न्हाय," तो तेजस्वीकडं बघून म्हणाला. ती नुसती हसली. तेही त्याला खुपलं.

पण खरं सांगायचं तर भरमूच्या पोटातलं दुखणं तेजस्वीच्या कितीतरी आधीचं होतं. प्रोग्राम मुळात लिहिला होता सत्याप्पानं. सत्याप्पा खानापूर तालुक्यातल्या शेतकरी घरचा, लोंढ्याकडनं रेल्वेनं यायचा, डब्यात भाकरी आणि बोटांत जादू. प्रोग्राममध्ये बदलते आकडे ठेवायला खण असतात, त्यांना नावं द्यावी लागतात. सत्याप्पा सरळ आपल्या गोठ्यातल्या जनावरांची नावं द्यायचा. ढवळी, सर्जा, चांदी. जनावर मेलं की दुसऱ्या दिवशी कोडमधलं नावही काढायचा. म्हणायचा, "दावण रिकामी, मग नाव कशाला रं?" सगळे हसायचे. पण सत्याप्पाचा प्रोग्राम कधी अडला नाही. भरमूचा अडायचा. एकाच टेबलावर बारा वर्षं हे बघत बसायचं म्हणजे माणसाची काय गत होते, ते भरमूलाच ठाऊक.

सात वर्षांपूर्वी सत्याप्पा चार दिवसांच्या तापानं गेला. पुढच्याच रविवारी भरमू एकटा ऑफिसात आला. त्यानं एकूण एक नाव बदलून तिथं नीटस इंग्रजी नावं घातली, फाईलच्या माथ्यावर स्वतःचं नाव टाकलं, सत्याप्पाच्या प्रोग्रामच्या जुन्या सीडी मोडल्या. त्या घरी जाताना कचराकुंडीत गेल्या.

मंगळवारी तेजस्वीचं टूल पहिल्यांदा चाललं.

"सर, हे बघा ना," ती म्हणाली. "नावं भारी सुचवलीत, पण ढवळी म्हणजे काय? आणि सर्जा?"

भरमूनं तिच्या स्क्रीनवर वाकून पुन्हा वाचलं.

त्याला पहिल्यांदा वाटलं, पोरगीनं मुद्दाम केलं. कुणीतरी हिचे कान भरलेत. पण ऑफिसात सत्याप्पाला ओळखणारे उरले होते दोघंच, तो आणि मारुतीराव, आणि मारुतीरावांनी कोड कधी उघडूनही पाहिला नव्हता. जुन्या कोडची एखादी प्रत कुठं राहिली असेल म्हणून त्यानं सगळ्या मशीन शोधल्या. टूल ऑफिसच्याच मशीनवर होतं, बाहेरून काही येत नव्हतं. ढवळी कुठंच सापडली नाही.

बुधवारी त्यानं आपलं टूल चालवलं. नियम एकच लिहिला होता, लांबलचक तुकडे लहान करायचे. नावांना हात लावायचा प्रश्नच नव्हता. दहा मिनिटांनी फाईल उघडली. तुकडे लहान झाले होते. नावं होती ढवळी, सर्जा, चांदी. आणि आणखी एक, पवळी. पवळी सत्याप्पाच्या कोडात कधीच नव्हती. एसीच्या गार हवेत ओल्या कडब्याचा वास येत होता.

"सर, कुणी गवत आणलंय का?" तेजस्वी पलीकडून म्हणाली.

दुसरा कुणी भ्याला असता. भरमू जळला. मेल्यावरसुद्धा हा गडी टेबल सोडत नाही? माझ्या टूलमध्ये, मी लिहिलेल्या नियमात ह्याचीच जनावरं? एकोणीस वर्षं मी इथं घासली, मग माझं नाव का न्हाय?

गुरुवारी सकाळी तेजस्वीच्या टूलनं एक नाव काढायला सांगितलं. 'सर्जा. वापरात नाही.' तिनं काढलं.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले तेव्हा भरमूनं मूळ फाईल उघडली, दोन्ही टूल जिच्यावर चालायची ती. भट्टीचा मुख्य आकडा ज्या खणात असतो, ज्याच्यावाचून प्रोग्राम एक पाऊल टाकत नाही, त्या खणाला त्यानं स्वतःचं नाव दिलं. भरमू. आता काढा म्हणावं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

शुक्रवारी चारला मारुतीराव येणार होते. तेजस्वी पलीकडं शेवटची फेरी चालवत होती. भरमूला मात्र ती पवळी काही सोडत नव्हती. शेवटी त्यानं सत्याप्पाच्या बायकोला, तानीबाईला फोन लावला. सात वर्षांत पहिल्यांदाच.

"भरमूभावजी? किती दिसानं वो!"

"वहिनी, एक विचारायचं होतं. गोठ्यात पवळी नावाचं कोण हाय?"

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बुधवारी कालवड झाली. नाव मी मनातच धरलंय. अजून घरातबी कुणाला सांगितलं न्हाय. तुमास्नी कुणी सांगितलं?"

"आणि सर्जा?"

"सर्जा काल गेला भावजी. म्हातारा झालता. सकाळी पाणी पाजाय गेले, तर आडवा पडलाय."

काल म्हणजे गुरुवार, भरमूनं बोटावर मोजलं.

"सर!" पलीकडून तेजस्वीचा आवाज आला. "झालं बघा. एकच नाव काढायला सांगतंय. गंमत म्हणजे तुमचंच आहे."

"थांब," भरमू म्हणाला.

"वापरात नाही म्हणतंय."

"अगं, तो मुख्य खण आहे! त्याच्याशिवाय भट्टी चालणार न्हाय!"

"चालवून बघितलं सर. त्याच्याशिवाय सगळं नीट चालतंय."

खुर्ची सरकवून तो उठला. तिच्या टेबलापर्यंत सहा पावलं होती.

कडब्याचा वास आता नाकातोंडात गेला.

"काढू ना?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बटण दाबलं.

काही झालं नाही. खाली कारखान्यात हातोडा पडत होता तसाच पडत राहिला. तेजस्वी स्क्रीनकडं बघून खूश होऊन मान डोलवत होती. भरमू तिच्या अगदी शेजारी उभा होता. तिनं वर पाहिलं नाही.

हातातला फोन अजून चालूच होता. त्यानं तो कानाला लावला.

"वहिनी," तो म्हणाला.

"हॅलो?" तानीबाई म्हणाली. "कोण बोलतंय?"